विश्लेषण : टायटॅनियमच्या मुठीला रंग न लावताच रंग कसा येतो? आणि एकाच मॉडेलच्या दोन चाकूंचा रंग जुळत का नाही?

छायाचित्रात गडद निळी दिसणारी चाकूची मूठ खोक्यातून जांभळट निघते. मित्राने घेतलेला त्याच मॉडेलचा चाकू शेजारी ठेवला, तर त्याची निळाई आणखी वेगळी. महिनाभर खिशात वागवल्यावर कडा राखाडी पडतात, अंगठा टेकतो ती जागा तपकिरी दिसू लागते. टायटॅनियमची मूठ असलेले घडीचे चाकू जगभर शेकडो डॉलरना विकले जातात. एवढे पैसे मोजल्यावर पहिला संशय येतो तो मालाच्या अस्सलपणाचा. वस्तू नकली आहे का? रंग कच्चा आहे का? बहुतेक वेळा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असते, कारण त्या मुठीवर रंग लावलेलाच नसतो.

चाकूच्या मुठीत टायटॅनियम आले कसे?

टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के हलके असते. ते घामाने किंवा खाऱ्या हवेने गंजत नाही आणि वाकवून सोडले की स्प्रिंगसारखे जागेवर येते. घडीच्या चाकूत उघडलेले पाते अडकवून ठेवण्यासाठी नेमका हाच गुण लागतो. अमेरिकी कारागीर मायकल वॉकर यांनी १९८०च्या दशकात ‘लायनर लॉक’ ही रचना रुळवली. तीत मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या मागे सरकून बसते. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि पुढे अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइसी येथे स्थिरावलेले क्रिस रीव्ह यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्यालाच कुलूप बनवले. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचे नाव ‘सेबेंझा’. हा झुलू भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘काम’ असा आहे. आज अमेरिका, इटलीतील मानियागो, चीनमधील यांगजियांग अशा चाकूंच्या जुन्या-नव्या केंद्रांत टायटॅनियमच्या मुठी तयार होतात. या मुठींसाठी बहुतेक ‘ग्रेड ५’ हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते.

रंगद्रव्य नाही, मग रंग कुठून येतो?

पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर तेलाचा तवंग पसरला की त्यात इंद्रधनुष्य दिसते. तेलात रंग नसतो, पाण्यातही नसतो. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंगांच्या लहरी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना पुसून टाकतात. उरलेला रंग आपल्याला दिसतो. साबणाच्या फुग्यावर हेच घडते. मोरपिसातील निळाईसुद्धा निळ्या रंगद्रव्याची नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेची असते.

टायटॅनियमवर हवेत आपोआपच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. अॅनोडायझिंगमध्ये हा थर ठरवून वाढवतात. ट्रायसोडियम फॉस्फेटसारख्या क्षाराच्या द्रावणात मूठ बुडवून तिला विजेचे धन टोक जोडतात. दुसरीकडे ऋण टोकाची पट्टी असते. प्रवाह सुरू झाला की धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइड वाढू लागतो. दर व्होल्टमागे साधारण २ नॅनोमीटर या हिशेबाने ही जाडी ठरते. त्या व्होल्टेजला साजेशी जाडी झाली की वाढ जवळपास थांबते, मग मूठ कितीही वेळ बुडवून ठेवा.

अॅल्युमिनियमच्या अॅनोडायझिंगपेक्षा हे वेगळे आहे. तिथे साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र थर तयार करून त्यात रंग मुरवतात. टायटॅनियमवरचा थर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून पातळ असतो आणि त्यात मुरवलेले काहीही नसते.

कोणत्या व्होल्टला कोणता रंग?

१५ व्होल्टच्या आसपास कांस्यासारखा तपकिरी, २० ला जांभळा, २५ ते ३० ला गडद निळा, ५० च्या सुमारास फिका आकाशी, ६० ला सोनेरी पिवळा, ७५ ला गुलाबी आणि १०० च्या पुढे हिरवा. हे आकडे ढोबळ आहेत. मिश्रधातू आणि द्रावण बदलले की तेही पुढे-मागे सरकतात.

या क्रमामागे हिशेब आहे. थर अगदी पातळ असतो तेव्हा आधी निळा प्रकाश पुसला जातो, म्हणून मूठ तपकिरी दिसते. थर थोडा वाढला की हिरवा पुसला जातो आणि जांभळा उरतो. आणखी वाढला की पिवळा-तांबडा जातो आणि निळा उरतो. पुढे हे चक्र पुन्हा सुरू होते. शुद्ध लाल रंगासाठी निळा आणि हिरवा दोन्ही एकदम पुसावे लागतील, काळ्यासाठी तर सगळेच. म्हणूनच अॅनोडायझिंगने अस्सल लाल किंवा काळी मूठ मिळत नाही. बाजारात दिसणाऱ्या काळ्या टायटॅनियम मुठींवर वेगळे लेपन केलेले असते.

मग दोन मुठींत फरक का पडतो?

जांभळा आणि निळा यांच्यात जेमतेम ५ ते ७ व्होल्टचे, म्हणजे १० ते १५ नॅनोमीटरचे अंतर आहे. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे झाले तरी जांभळ्याची छटा बदलते. त्यामुळे जांभळा हा जुळवायला अवघड रंग मानला जातो. आकाशी रंग मात्र बऱ्याच व्होल्टच्या टप्प्यात जवळपास तसाच राहतो, म्हणून तो कारखान्याला सोयीचा पडतो.

यंत्रावर २५ व्होल्टचा आकडा दिसला, तरी मुठीपर्यंत तेवढेच पोहोचतील असे नाही. तारेचा सांधा सैल असेल, एकाच वेळी खूप मुठी टांगल्या असतील किंवा मूठ वेळेआधी बाहेर काढली, तर थर पूर्ण वाढत नाही.

दुसरे कारण पृष्ठभागाचे. पॉलिश केलेल्या मुठीवर रंग झळाळतो. बारीक मण्यांचा मारा करून खरखरीत केलेल्या मुठीवर तोच थर मंद, धुरकट दिसतो. तिसरे कारण स्वच्छतेचे. बुडवण्याआधी बोटाचा एक ठसा राहिला, तर त्या जागी थर वेगळा वाढतो आणि तो ठसा रंगात कायमचा उमटतो. म्हणून मुठी आधी तेलमुक्त करतात आणि अनेकदा आम्लाने हलक्या खरवडून घेतात. हिरवा, गुलाबी असे वरच्या व्होल्टेजचे रंग ग्रेड ५ वर या पूर्वतयारीशिवाय मळकट येतात.

चौथे कारण खुद्द धातूचे. शुद्ध टायटॅनियम आणि ग्रेड ५ एकाच व्होल्टेजला वेगळी छटा देतात. त्यामुळे मूठ, क्लिप आणि स्क्रू वेगवेगळ्या ग्रेडचे असतील, तर ते एकाच द्रावणात बुडवूनही जुळत नाहीत. काही कारागीर याचाच फायदा घेतात. ‘टायमॅस्कस’ या प्रकारात टायटॅनियमच्या वेगवेगळ्या मिश्रधातूंचे थर एकत्र घडवतात. अॅनोडायझिंग केले की प्रत्येक थर आपापली छटा घेतो आणि लाटांसारखी नक्षी उमटते. तिथे रंगांतील फरकालाच किंमत असते.

छायाचित्रातला रंग खोटा असतो का?

खोटा नसतो, पण अपुरा असतो. हा रंग प्रकाश आणि कोन यांवर अवलंबून असतो. मूठ तिरकी धरली की प्रकाशाचा थरातील प्रवास बदलतो आणि छटा थोडी सरकते. पिवळ्या दिव्याखाली निळी मूठ जांभळट किंवा राखाडी वाटते, मोकळ्या आकाशाखाली तीच खुलते. त्यात कॅमेऱ्याची रंगदुरुस्ती आणि मोबाइलच्या पडद्याची भर पडते. स्टुडिओतील एका छायाचित्रावरून छटा ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

वापरताना रंग उडतो की झाकला जातो?

दोन्ही घडते आणि त्यांतील फरक ओळखता येतो. हाताचे तेल मुठीवर बसले की ऑक्साइडच्या वर आणखी एक पारदर्शक थर तयार होतो आणि परावर्तनाचे गणित बिघडते. निळा रंग मळकट तपकिरी दिसू लागतो. सौम्य साबणाच्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर तो परत आला, तर रंग गेलेला नव्हता, फक्त झाकला होता.

पुसूनही जागा राखाडीच राहिली, तर तिथला थर घासला गेला आहे. किल्ल्या, नाणी, जीन्सच्या खिशाची कड यांनी ५०-६० नॅनोमीटरचा थर झिजायला वेळ लागत नाही. कडा आणि क्लिप सर्वांत आधी उघड्या पडतात. याने चाकूच्या मजबुतीला धक्का लागत नाही. काही मिलिमीटर जाडीच्या मुठीतून गेलेला थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो आणि उघड्या धातूवर हवेतच नवा संरक्षक थर लगेच धरतो.

दोष कुठला आणि स्वभाव कुठला?

संपूर्ण मूठ एकसारखी असून छायाचित्रापेक्षा थोडी गडद किंवा फिकी असेल, तर तो या प्रक्रियेचा स्वभाव आहे. अनेक उत्पादक विक्रीच्या पानावर तशी सूचना देतात आणि ती वाचूनच खरेदी करावी. एकाच चाकूच्या दोन बाजू उघडपणे वेगळ्या रंगाच्या असतील, मुठीवर पुसून न जाणारे डाग, ओघळ किंवा बोटांचे ठसे असतील, तर ते कामातील कसूर आहे. अशा वेळी बदलून मागणे रास्त ठरते. मात्र त्याआधी मूठ पुसून, दिवसाउजेडी, दोन-तीन कोनांतून पाहावी आणि तशीच छायाचित्रे काढावीत. निव्वळ छटेवरून वस्तू नकली ठरवता येत नाही. छटा जुळली म्हणून ती अस्सलही ठरत नाही.

घरी पुन्हा रंगवता येतो का?

इंटरनेटवर नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून मुठी रंगवणारे पुष्कळ दिसतात. तत्त्व खरे आहे, धोकाही तितकाच खरा आहे. ओल्या हातांनी १०० व्होल्टचा डीसी प्रवाह हाताळणे जिवावर बेतू शकते. शिवाय व्होल्टेज वाढवून पुढच्या रंगाकडे जाता येते, मागे येता येत नाही. आकाशी झालेली मूठ जांभळी करायची, तर आधीचा थर काढावा लागतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांत अनेकदा हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून आत शिरते आणि शरीरातील कॅल्शियमवर घाला घालते. हे काम प्रशिक्षित हातांचे आणि योग्य साधनांचेच आहे.

भारतात असा चाकू बाळगताना आणखी एक भान हवे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती, शेती वा औद्योगिक कामासाठी नसलेले चाकू शस्त्र नियमांच्या यादीत येतात. खिशातले बहुतेक घडीचे चाकू याहून बरेच लहान असतात. तरीही महाराष्ट्रात पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना ते बाळगणे अडचणीचे ठरू शकते. विमानातील हातसामानात तर ते चालतच नाहीत.

हाच रंग शस्त्रक्रियागृहात

चाकूप्रेमींसाठी छटेतला फरक हा फार तर रुसव्याचा विषय आहे. हीच प्रक्रिया अस्थिशल्यचिकित्सेत मात्र खुणेचे काम करते. मोडलेले हाड सांधण्यासाठी वापरले जाणारे टायटॅनियमचे स्क्रू आणि पट्ट्या अनेकदा निळ्या, सोनेरी, हिरव्या असतात. तो रंगही याच पद्धतीने आलेला असतो. शरीरात सुटणारे रंगद्रव्य त्यात नसते आणि रंगावरून स्क्रूचा आकार चटकन ओळखता येतो. कोणता रंग कोणत्या मापाचा, हे उत्पादक ठरवतो. तिथे निळा स्क्रू जांभळा वाटून चालत नाही, म्हणून व्होल्टेज, द्रावण आणि स्वच्छता यांवर कडक नियंत्रण ठेवावे लागते.

टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. त्या काळ्या कणांतून निघणारा राखाडी धातू निळा, सोनेरी किंवा हिरवा दिसतो, तो काही नॅनोमीटरच्या हिशेबावर. त्यामुळे टायटॅनियमची रंगीत मूठ घेताना दोन प्रश्न विचारावेत : ही छटा किती मागे-पुढे होऊ शकते आणि झिजल्यावर ती पुन्हा करून मिळेल का? या दोन्हींची सरळ उत्तरे देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेला चाकू छायाचित्रापेक्षा थोडा वेगळा निघाला, तरी फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही.