अडलेल्या संगणकाची कैफियत

फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन एखादी सेटिंग बदलावी, यंत्र पुन्हा चालू करावे आणि समोर काळोखाखेरीज काहीच उमटू नये, असा प्रसंग आला म्हणजे मालकाला पहिली शंका येते ती यंत्र जळाल्याची, आणि पहिला सल्ला पुष्कळदा मिळतो तो डिस्क फॉरमॅट करण्याचा. शंका बहुधा निराधार ठरते. सल्ला मात्र घातक असतो, कारण वर्षानुवर्षांचे दप्तर जिच्यात सुखरूप आहे त्या डिस्कचा या बिघाडात काडीइतकाही अपराध नसतो.

वीज मिळताच प्रोसेसर प्रथम डिस्ककडे नव्हे, तर मदरबोर्डावरील लहानशा फ्लॅश चिपमधील फर्मवेअरकडे वळतो. ते रॅम, ग्राफिक्स व डिस्क यांची तपासणी करून अखेरीस सारा कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हवाली करते. सबब यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबले, हीच त्याची कैफियत समजावी. कंपनीचे चिन्ह उमटून ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बूट करण्याच्या नव्या यूईएफआय पद्धतीऐवजी जुनी लेगसी पद्धत निवडली गेली असण्याचा संभव मोठा. विंडोज सुरू होता होता निळा पडदा आला, तर डिस्कच्या कंट्रोलरची पद्धत एएचसीआयवरून रेडवर, किंवा उलट, गेली आहे काय ते पाहावे. दोन्ही ठिकाणी पूर्वीची नोंद कायम केली की काम भागते.

चिन्हही न दिसता पडदा काळाच राहिला, तर प्रश्न अधिक बिकट. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग हे त्याचे नेहमीचे कारण. तथापि नव्या वेगाशी रॅमचा मेळ घालण्यास काही बोर्डांना कित्येक मिनिटे लागतात, म्हणून घाईने वीज तोडण्यापूर्वी थोडा धीर धरावा. त्यानेही भागले नाही, तर सेटिंग पुसणे भाग पडते. १९८४ सालच्या आयबीएम पीसी/एटीमध्ये या नोंदी घड्याळाच्या चिपमधील ६४ बाइटांच्या सीमॉस स्मृतीत, बॅटरीच्या आधारावर टिकत. बॅटरी काढली की त्या नष्ट होत. सेल काढण्याचा परिपाठ तेव्हापासूनचा. आता पुष्कळ यंत्रांत, विशेषतः लॅपटॉपांत, नोंदी फ्लॅश चिपमध्येच राहतात आणि ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल मुख्यत्वे घड्याळ चालवतो. त्यामुळे तो काढूनही कधी कधी काहीच बदलत नाही. डेस्कटॉपवर खात्रीचा मार्ग ‘क्लिअर सीमॉस’ जंपरचा: विजेची वायर भिंतीवरील सॉकेटमधून काढावी, उरलेली वीज निघून जाण्यासाठी पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात.

परंतु पुसण्याने चुकीच्या नोंदीसोबत योग्य नोंदीही जातात. विंडोज रेड पद्धतीने बसवलेले असेल आणि कारखान्याची मूळ नोंद एएचसीआय असेल, तर काळा पडदा जाऊन निळा येतो. ती एक नोंद पूर्ववत करावी, डिस्कला हात लावू नये. डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल, तर फर्मवेअरमधील फेरफार ओळखून विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हरवली तर कोणत्याही कारागिराला डिस्कवरील मजकूर वाचता येत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी ही रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, आणि फर्मवेअरच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.