श्रवणसुख आणि चिकित्सा : काही विचार

चांदवडचे प्राचीन नाव चंद्रादित्यपूर. नवव्या शतकात दृढप्रहाराने येथे सेऊणदेशीय यादवांच्या सत्तेचा पाया घातला, असे अभ्यासक मानतात. पुढे हे घराणे देवगिरीस गेले आणि तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी असताना शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला. वैद्यवर्गाला यादवकाल आठवतो तो हेमाद्रीच्या ‘आयुर्वेदरसायन’ टीकेमुळे; परंतु शार्ङ्गदेवही आपल्याला परका नाही. तो राजदरबारी हिशेबाचा प्रमुख अधिकारी होता, तथापि रोगार्तांना आपण रसायने दिल्याचा उल्लेख त्याने ग्रंथारंभी स्वतःच केला आहे. रागांकडे वळण्यापूर्वी तो गर्भोत्पत्ती, धातू व नाड्या यांचे विवेचन करतो. नाद देहात उत्पन्न होतो, म्हणून आधी देह जाणावा, अशी ही मांडणी आहे. संगीत आणि वैद्यक यांचा संबंध पाश्चात्त्यांनी शोधून काढला, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

आपल्या संहितांत हा विषय तुरळक पण नेमका आला आहे. चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनासाठी जे आतुरालय वर्णिले, त्यात स्वयंपाकी, अंग चेपणारे व औषध वाटणारे यांच्या जोडीला गायन, वादन व कथाकथन यांत निपुण असे परिचारकही सांगितले आहेत. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेतही गीतवाद्यांचा समावेश आहे. वातकलाकलीय अध्यायात वायूला श्रोत्र आणि स्पर्श या दोहोंचे मूळ म्हटले आहे. अभ्यंगाने शांत होणारा वायू योग्य शब्दानेही शांत होऊ शकेल, हा तर्क येथूनच निघतो.

मात्र तिस्रैषणीय अध्याय विसरून चालणार नाही. मेघगर्जना, नगारे, आरोळ्या यांचे अतिश्रवण हा श्रोत्रेंद्रियाचा अतियोग. मुळीच न ऐकणे हा अयोग. कठोर, भीतिदायक, प्रियजनांच्या नाशाची वार्ता देणारे शब्द ऐकणे हा मिथ्यायोग. लग्नसराईत ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे उभे राहून छातीत धडधड घेऊन येणारा रुग्ण अतियोगाचाच आहे. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. ती कितपत पाळली जाते, हे आपण सर्व जण जाणतोच.

आधुनिक अभ्यासही विचारात घेण्याजोगे आहेत. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 12 वादक व 12 सामान्य तरुण यांना सहा प्रकारचे संगीत ऐकविले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. द्रुत लयीबरोबर श्वसन, रक्तदाब व नाडीची गती वाढली. संगीताच्या प्रकारापेक्षा लयीचा प्रभाव अधिक दिसला. लक्षणीय गोष्ट अशी की, मध्येच दिलेल्या दोन मिनिटांच्या निःशब्द विरामात शरीर सर्वाधिक शिथिल झाले. ‘लॅन्सेट’मध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, 73 चाचण्यांच्या समीक्षेत शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये संगीताने वेदना, चिंता व वेदनाशामकांची गरज कमी झाल्याचे आढळले, रुग्णालयातील मुक्काम मात्र कमी झाला नाही. रोग बरा होणे आणि रोगी सुखावणे यांतील हा भेद आपण काटेकोरपणे पाळला पाहिजे.

कारण अनेक चिकित्सालयांत व औषधालयांत एक तक्ता टांगलेला दिसतो : अमुक राग मधुमेहावर, तमुक राग रक्तदाबावर. पूर्वी यांच्या कॅसेट विकल्या जात, नंतर सीडी आल्या, आता ध्वनिफिती मोबाईलवर फिरतात. अशा कोष्टकांना संहितांचा आधार नाही आणि भरवशाच्या चाचण्यांचाही नाही. एखाद्या मधुमेही आजोबांनी ‘राग सुरू केला आहे’ म्हणून औषध सोडले, तर त्याचा दोष संगीताकडे जात नाही, तक्ता लावणाऱ्याकडे जातो. औषधविक्रेते बंधूंनीही हे तक्ते काढून टाकावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शिवाय रागाचे नाव पाहून गुण ठरविणे म्हणजे सात्म्याचा विचारच सोडून देणे होय. नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या गडावर संबळ कडाडू लागते, तेव्हा लहानपणापासून गोंधळ ऐकलेल्या माउलीचा चेहरा उजळतो. त्याच क्षणी अर्धावभेदकाने त्रस्त असलेला रुग्ण कानांवर हात ठेवून दूर जातो. लय तीच, वाद्य तेच. पण प्रकृती, सवय व व्याधी भिन्न. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आजीबाईंना सतारीची ध्वनिफीत लावून देण्यापेक्षा, ‘आपण काय म्हणत होता?’ असे विचारावे. पुष्कळदा त्या स्वतःच गुणगुणू लागतात, आणि गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो.

पंचकर्म करणाऱ्यांसाठी इतकेच सुचवावेसे वाटते. शिरोधारेच्या वेळी संगीत लावायचे झाल्यास रुग्णास आधी विचारावे, लय संथ असावी, आवाज तैलधारेच्या आवाजावर चढू नये. शब्दप्रधान गीत टाळावे. शब्दांबरोबर आठवणी येतात, आणि त्या सुखदच असतील असे नाही. शोकाकुल किंवा उन्मादाच्या रुग्णाबाबत तर विशेष सावध राहावे. धारा थांबल्यावर यंत्रही बंद करावे आणि रुग्णास काही वेळ तसेच शांत पडू द्यावे. परिचारकांनाही या काळात भांडी आवरू नयेत अशी सूचना द्यावी.