टाकाऊ यंत्रातून घुमला ठेका

नेवाशाला वरातीपुढे डीजे लागला की पोरे बेभान नाचतात आणि वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. पण यंत्रावरच्या या नाचगाण्याच्या इतिहासात शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांचा मोठा वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

१९८१ साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीबी-३०३’ हे लहानसे यंत्र काढले. गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी, हा हेतू. ते चालले नाही. १९८४ साली उत्पादन थांबले आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोत डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघा तरुणांनी त्याची बटणे मनसोक्त पिळली. त्यातून चिरका, वळवळणारा आवाज निघाला. १९८७ साली ‘फ्यूचर’ या नावाने त्यांची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली. हेच ‘अ‍ॅसिड हाऊस’. १९८८ साली इंग्लंडच्या क्लबांत आणि रिकाम्या गोदामांत तरुणाई त्यावर रात्ररात्र नाचली. त्या नाचाबरोबर आलेल्या नशेच्या गोळ्यांनी काहींचा जीवही घेतला.

हेच यंत्र त्याआधी मुंबईत वाजले होते. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्यावर, डिस्कोच्या ठेक्यात, दहा राग बांधले. तबकडी फारशी खपली नाही. एका डच रसिकाने २०१० साली ती पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झाले. २०१५ साली सिंग वारले.

तरुणांनो, नाचा जरूर, नशेपासून दूर राहा. आणि डीजेची बटणे नुसती दाबू नका, शिकून घ्या. बाजाराने टाकलेल्या वस्तूतूनही नवे घडते.