खऱ्या कमाईचा हिशेब

बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की महामार्गावर काकती लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे माहेर. 1778 साली इथल्या देसाई घराण्यात त्यांचा जन्म झाला. काकतीपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात अनेक शाळांच्या पटांगणात वर्षातून एखादा दिवस मुलांचा बाजार भरतो. कानडी शाळेत त्याला मक्कळ संते म्हणतात, मराठी शाळेत बालबाजार किंवा आनंदमेळावा. नावं वेगळी असली तरी थाट तोच. पोत्यावर मांडलेल्या मेथीच्या जुड्या, परातीतलं गिरमिट, मिरची भजी, भडंगाच्या पुड्या, बादलीत बर्फ टाकलेलं कोकम सरबत. पुठ्ठ्याच्या पाटीवर भाव एका अंगाला मराठीत, दुसऱ्या अंगाला कानडीत.

दुपारी बाजार उठतो आणि मुलं चिल्लर मोजायला बसतात. कुणी म्हणतं दोनशे सुटले, कुणी म्हणतं तीनशे. गणिताचे गुरुजी जवळ बसून विचारतात, तेल कुणाचं? घरचं. गॅस? घरचा. भजी कुणी तळली? आईनं.

ही तीन उत्तरं महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पटांगणापुरती नाहीत. मुलांच्या आणि तरुणांच्या गटांनी खाऊ विकून किंवा घरोघरी जाऊन पैसा उभा करण्याच्या प्रथेला शंभरहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात ती पुन्हा पुन्हा बदलली, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं. हिशेबातून काहीतरी सुटलेलं होतं, ते कधीतरी वहीत घ्यावंच लागलं.

जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट मुलींच्या कुकीजचं. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 12 मार्च 1912 रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात 18 मुलींना घेऊन ही संघटना सुरू केली. पाच वर्षांनी, 1917 च्या डिसेंबरात, ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या पथकानं घरी बिस्किटं भाजून हायस्कूलच्या उपाहारगृहात विकली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि विक्री सेवेच्या कामासाठी होती. पुढं जुलै 1922 मध्ये संघटनेच्या ‘द अमेरिकन गर्ल’ मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी साध्या बिस्किटांची कृती दिली. कृतीबरोबर त्यांनी हिशेबही मांडला. सहा ते सात डझन बिस्किटांना लागणाऱ्या जिन्नसांचा खर्च 26 ते 36 सेंट, आणि विक्रीचा भाव डझनाला 25 ते 30 सेंट.

हा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सहा डझन 25 सेंटनं विकले तर दीड डॉलर येतो, सात डझन 30 सेंटनं विकले तर दोन डॉलर दहा सेंट. खर्च वजा जाता गल्ल्यात खर्चाच्या तीन ते सात पट रक्कम उरते. पण त्या खर्चात फक्त पीठ, लोणी, साखर, अंडी धरलेली आहेत. चुलीचं जळण त्यात नाही, आणि दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या आईचे तास तर नाहीतच. गुरुजींनी विचारलेले प्रश्न तिथंही लागू पडले असते.

1934 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलींनी बेकरीत तयार झालेली बिस्किटं विकायला सुरुवात केली, आणि दोनच वर्षांत संघटनेनं देशभरासाठी बेकऱ्यांना परवाने द्यायचं ठरवलं. आईच्या डोक्यावरचा भार उतरला. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोण्याची टंचाई झाली, तेव्हा 1944 मध्ये मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकल्या. वस्तू बदलायची तयारी ठेवली म्हणून उपक्रम टिकला. बेकरीचा माल आल्यावर मात्र नवी अडचण उभी राहिली. उचललेला माल विकला गेला नाही, तर तो कुणाच्या अंगावर पडणार?

आपल्याकडे तरुणांनी पैसा उभा करण्याची वाट वेगळी होती. मूठभर धान्याची. रोजच्या दळणातून गृहिणीनं एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्यानं स्वयंसेवकानं ती गोळा करून न्यायची, हा मुष्टिफंड. पणजीत 1908 पासून चालत आलेल्या शिक्षणसंस्थेनं तर हेच नाव धारण केलं. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांच्या भाकरीसाठी हाच मार्ग धरला. त्यात एक मोठेपणा होता. धान्य घरचं आहे हे कुणी लपवत नव्हतं. मूठ गृहिणीची, आणि मान तिचा. मुलांची मेहनत वेगळी धरली जाई, शेतात, बांधकामावर, स्वयंपाकात. ‘कमवा आणि शिका’ हे नाव त्या मेहनतीचं होतं.

दुसरी वाट स्काऊट-गाईडची. 7 नोव्हेंबर 1950 रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभी राहिली. तिच्या नियमांत काटकसरीचा एक नियम आहे, आणि त्याला जोडूनच आला ‘खरी कमाई’ हा उपक्रम. ज्यांनी सातवी-आठवीत खाकी किंवा निळा गणवेश घातला, त्यांना ते कार्ड आठवत असेल. ओळखीच्या घरी जायचं, अंगण झाडायचं, सायकल पुसायची, बूट चकचकीत करून द्यायचे. मग कार्डावर काम, रक्कम आणि घरमालकाची सही. पुढं कितीतरी शाळांनी घरोघर फिरणं कमी केलं आणि पटांगणातच खाद्यपदार्थांचे स्टॉल मांडून ‘खरी कमाई’ साजरी करायला सुरुवात केली. भेळ, वडा, सरबत, इडली. आज हे नाव ऐकलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्टॉलच येतो.

यातली ‘खरी’ ही अट फार मोलाची आहे. कार्ड भरायची मुदत जवळ आली की कितीतरी घरांत वडीलच खिशातून नोटा काढत आणि रकाने स्वतःच भरत. वर्गात सर्वांत जास्त रक्कम आणणाऱ्याचं कौतुक होई, आणि ज्याच्या घरी देणारं कुणी नाही तो मागच्या बाकावर गप्प बसे. मुलाला काम शिकवायला निघालेला उपक्रम घरच्या ऐपतीची मोजणी होऊन बसे. म्हणून रकमेचं लक्ष्य प्रत्येक मुलावर न ठेवता सगळ्या गटावर ठेवणं, आणि ‘आमच्या घरी या वेळी जमणार नाही’ असं म्हणायची मुभा देणं, ही सवलत समजू नये. ‘खरी’ या शब्दात ती आधीच आलेली आहे.

घरोघरी जाण्याचं काय झालं, हे ब्रिटनच्या अनुभवावरून कळतं. तिथं 1949 पासून स्काऊट मुलं ईस्टरच्या सुमारास एका शिलिंगला एक काम करून देत. ‘बॉब-ए-जॉब’ आठवडा घराघरांत माहीत होता. अनोळखी दारात मुलाला एकटं पाठवणं धोक्याचं वाटू लागलं आणि 1992 मध्ये तो बंद झाला. वीस वर्षांनी, 2012 मध्ये, परत आला तो वेगळ्या रूपात. आता एकेकट्या मुलाऐवजी अख्खं पथक मोठ्यांच्या सोबतीनं वस्तीचं एखादं काम हाती घेऊ लागलं. अमेरिकेत 1984 मध्ये काही राज्यांत कुकीजच्या खोक्यांत सुया-टाचण्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि देशभर भीती पसरली. दुकानांसमोर टेबल मांडून, दोन मोठ्या माणसांच्या नजरेखाली विक्री करण्याची पद्धत तिथं हळूहळू रुळत गेली. मुलाची सुरक्षितता हाही खर्चच आहे. कुणीतरी दुपारभर सोबत थांबावं लागतं.

खाण्याच्या सुरक्षिततेचे आत्ताचे नियम आपल्याकडे अलीकडचे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, आणि त्याखालचे परवाना-नोंदणीचे नियम 2011 मध्ये लागू झाले. छोट्या खाद्यविक्रेत्यासाठी वर्षाला 100 रुपये शुल्काची साधी नोंदणी त्यात ठेवली गेली. 2016 च्या डिसेंबरात वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचना केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं दिली, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. शाळेच्या बाजारात मात्र गरम भजी आजही पेपरच्या तुकड्यावर मिळतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण ज्या भागात अजून मिळतात, तिथं ही सवय सोडणं कठीण जाऊ नये.

कोरोनाच्या महासाथीनं सगळ्यांनाच वाकायला लावलं. मार्च 2020 मध्ये गर्ल स्काऊटची टेबलं उठली. 2014 पासून सुरू असलेली ऑनलाइन नोंदणी तेव्हा कामाला आली, पण पुरली नाही. 2021 च्या हंगामाअखेर सुमारे दीड कोटी खोकी पडून राहिली. अंदाज आधीच्या वर्षांवरून केलेला होता आणि माणसं घराबाहेर पडत नव्हती. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या ज्या मराठी घरांत मुली गर्ल स्काऊटमध्ये आहेत, त्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. लेकीची ऑर्डरची यादी घेऊन वडील ऑफिसात फिरतात आणि उरलेली खोकी घरच्या कपाटात जातात.

आधी मागणी, मग माल, हा धडा त्यातून मिळतो. न खपलेल्या मालाचा भार कष्ट करणाऱ्यावर येतो, हे सीमाभागात नव्यानं शिकण्याची गरज नाही. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारावर ठरते, आणि नापास ठरवलेल्या विड्यांचे पैसे कापले गेले की काय होतं ते त्या घरांतल्या मुलांना सांगावं लागत नाही. 1981 च्या मार्च-एप्रिलात याच महामार्गावर निपाणीजवळ तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ठाण मांडलं. गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. भाव उत्पादन खर्चावर ठरवा, ही त्या चळवळीची मूळ मागणी होती. घरच्या माणसांनी रानात केलेले कष्ट फुकटचे नाहीत, त्यांनाही किंमत आहे, हे या भागानं फार मोठी किंमत मोजून सांगितलेलं आहे.

मग कुकीज विकायच्याच असतील, तर बेळगावच्या आसपासच्या तरुण गटाला अमेरिकेतून पाककृती आणायचं कारण नाही. मे महिन्यात भट्टीवर जाऊन नानकटाई भाजून आणायची रीत मराठी घरांत जुनी आहे. मैदा, पिठीसाखर, तूप किंवा वनस्पती, वेलची, चिमूटभर सोडा, असे सगळे जिन्नस पिशवीत भरून बेकरीत न्यायचे. भट्टीवाला पीठ मळतो, गोळे पत्र्यावर मांडतो, आणि तासाभरानं पत्र्याच्या डब्यात खमंग वासाची नानकटाई भरून मिळते. मजुरी किलोवर ठरलेली असते. घरच्या चुलीवर जे कष्ट दिसत नाहीत, ते इथं भट्टीच्या दरात स्पष्ट लिहिलेले असतात.

एक किलो मैद्याला पिठीसाखर आणि तूप मिळून साधारण दीड किलो धरलं, तर अडीच किलो पीठ होतं. पंचवीस ग्रॅमचा एक गोळा केला तर शंभर नग पडतात. मुलांनी आधी यादी फिरवायची. फिरवायची तीही ओळखीच्या गल्लीत, जोडीनं आणि दिवसाउजेडी. कुणाला किती डझन हवेत ते लिहून घ्यायचं, आणि जेवढी मागणी तेवढाच मैदा तोलायचा. नोंदणी असलेली भट्टी निवडायची. तापलेल्या पत्र्याजवळ मोठ्यांनीच उभं राहायचं. गार झालेली नानकटाई धुतलेल्या, पुसलेल्या हातांनी डझनाच्या पाकिटात भरणं, त्यावर तारीख आणि जिन्नस दोन्ही भाषांत लिहिणं, गहू आणि दूध यांचा उल्लेख ठळक करणं, पैसे टिपून ठेवणं, ही मुलांची कामं. परीक्षा जवळ आलेल्यानं फक्त चिठ्ठ्या लिहाव्यात, ज्याला दारोदार जायला संकोच वाटतो त्यानं पाकिटं मोजावीत. एखाद्या घरी नानकटाई नको असेल आणि तरीही गटाला मदत करायची असेल, तर पावती फाडून पैसे घेता येतात. फोनवरून पैसे येणार असतील तर ते मुलाच्या खात्यावर न घेता गटाच्या जबाबदार माणसाच्या खात्यावर घ्यावेत, आणि त्याच संध्याकाळी सर्वांसमोर वाचून दाखवावेत.

अमेरिकेत हा हिशेब आणखी पुढं गेला तो मुलींमुळेच. 2007 मध्ये मिशिगनमधल्या अकरा वर्षांच्या दोन गर्ल स्काऊट मुलींना एका अभ्यासात समजलं की पामतेलासाठी जंगलं तोडली जातात आणि ओरांगउटानांची घरं जातात, आणि आपण विकतो त्या कुकीजमध्येही तेच तेल आहे. त्यांनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, आणि 2011 मध्ये संघटनेला आपलं तेलाचं धोरण बदलावं लागलं. पाकिटावरचे जिन्नस वाचायची सवय लागलेल्या मुलींनीच हे केलं. नानकटाईच्या वनस्पतीतही बहुतेकदा पामतेल असतं. घरचं तूप महाग पडतं हे खरं, पण यादी फिरवताना दोन्ही प्रकारांचे भाव लिहिले तर घेणाऱ्यालाच ठरवता येईल.

काकतीतल्या पुढच्या मक्कळ संतेला एखाद्या गटानं वहीची पहिली ओळ ‘तेल, घरचं, एक लिटर’ अशी लिहिली, खाली गॅस आणि तळणाऱ्या हातांचे दोन तास मांडले, आणि समोर आकडे घातले, तर दुपारी सुटलेले पैसे थोडे कमी दिसतील. वजा झालेली ती रक्कम त्याच दुपारी भजी तळलेल्या आईच्या हातात देता येईल, आणि वहीत तिची सही घेता येईल. मराठीत किंवा कानडीत, तिला जमेल तशी.