रिमोट चालेना, दार उघडेना

होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या दर्ग्यावर यात्रा भरते. बुलढाणा जिल्ह्यातूनच नव्हे, बाहेरूनही कुटुंबेच्या कुटुंबे गाडी घेऊन येतात. जियारत करून परतावे, रिमोटचे बटण दाबावे आणि दार उघडूच नये, म्हणजे पंचाईत! बहुतेक जण लगेच मेकॅनिक शोधतात. आम्ही म्हणतो, आधी किल्ली पाहा.

रिमोटवरचा दिवा मंद झाला असेल किंवा अगदी जवळ गेल्यावरच दार उघडत असेल, तर सेल संपत आला आहे. बऱ्याच रिमोटमध्ये नाण्यासारखा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल असतो. दुकानदाराने २०२५ दिला तर घेऊ नका, तो पातळ असल्याने सैल बसतो. जुना सेल मुलांच्या हाती पडू देऊ नये. गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

सेल नवा असूनही दार उघडत नसेल तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असू शकते. अशा वेळेसाठीच अनेक रिमोटच्या पोटात साधी किल्ली लपवलेली असते. ड्रायव्हरच्या दाराचे छिद्र कधी हँडलच्या टोपणाखाली असते. हे निघण्यापूर्वीच घरी एकदा उघडून पाहावे, घरातल्या बायकांनीही.

मूल आत अडकले असेल तर मात्र यातले काहीच करत बसू नका. उन्हातल्या बंद गाडीत १० मिनिटांत तापमान १० अंशांनी वाढू शकते. ११२ ला फोन लावा आणि मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा.