शर्टाला ‘च्येन’, पँटला ‘थ्याओ’!

‘नी हाओ’ म्हणून भाव खाण्याचे दिवस संपले, बॉस! युनिव्हर्सिटीच्या चायनीज कोर्समध्ये बेसिकची आमची बॅच हाऊसफुल्ल होती. इंटरमीडिएटला निम्मे बाक रिकामे. पळवून लावतात ते मोजायचे शब्द. शर्ट ‘च्येन’ने मोजायचा, पँट ‘थ्याओ’ने. नदी, रस्ता, मासा? तेही ‘थ्याओ’, कारण सगळेच लांबट! हिंदमाताच्या कापडबाजारात मात्र हे पटतं. आपणही कापडाचा तागा म्हणतोच की.

इथून जवळच, परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले. मला फक्त शनिवारची टेस्ट आहे. पास झाले तरच पुढची लेव्हल. म्हणून दुकानांबाहेर लटकलेले शर्ट मोजत फिरतेय: ई च्येन, ल्यांग च्येन...