ऐकायची गोष्ट, वाचायची गोष्ट

मराठीत मुलांसाठी छापलेल्या गोष्टींचा आरंभ शोधायला गेलं की आपण तंजावरला पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. पुढे पंचतंत्र, हितोपदेश आले. गोष्ट आखूड आणि प्राणी ओळखीचे, म्हणजे ती लहानांची, असं तेव्हाच ठरून गेलं. पण कोल्ह्याने कावळ्याची केलेली खुशामत सहा वर्षांच्या मुलाला उमगत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की कावळ्याचा खाऊ गेला. तात्पर्य मोठ्यांच्या जगातलं. मुलांनी ते नुसतं पाठ करायचं.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराने. मारिया माँटेसरी लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी सांगण्याविषयी साशंक होत्या. हे बालमंदिर चालवणारे गिजुभाई बधेका त्यांचे अनुयायी, तरी लोककथा त्यांनी सोडल्या नाहीत. गोष्ट सांगण्यावर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हे पुस्तकच लिहिलं. त्यांच्या लेखी गोष्ट आधी आनंदासाठी होती. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांमुळे हा विचार महाराष्ट्रात आला, बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत रुजला.

लोककथांच्या बाबतीत गिजुभाईंचंच खरं, असं मला अनेक वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी सांगताना वाटत आलं आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी घ्या. वाटेत एकामागून एक प्राणी आडवे येतात, प्रत्येकाला म्हातारी तेच उत्तर देते. दुसऱ्या प्राण्यापाशी मुलांना ते पाठ होतं, तिसऱ्यापाशी अख्खा वर्ग ते माझ्याआधी म्हणतो. भीती आहे, पण सुटका होणार हेही मुलांना ठाऊक असतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याचं घर पावसात वाहून गेल्यावर एका मुलाने मला थांबवून विचारलं, ‘मग तो रात्री झोपला कुठे?’ सात वर्षांचं मूल गोष्टीत काय शोधतं, ते या प्रश्नात आहे. चांगला कोण, वाईट कोण हे नंतर. आधी कुणीतरी उघड्यावर पडलं आहे, त्याचं काय?

छापील पुस्तकांची निवड मात्र बराच काळ संस्काराच्या हिशेबाने होत राहिली. बक्षीस म्हणून दुसरीतल्या मुलाला ‘श्यामची आई’ देणारी कितीतरी घरं मी पाहिली. साने गुरुजींचं हे पुस्तक मला फार प्रिय आहे, म्हणूनच म्हणते की ते इतक्या लवकर देऊ नये. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. कर्ज, जप्ती, आईचा मृत्यू हे पेलायला दहा-अकरा वर्षांचं तरी वय हवं. 1971 मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं, ते नावाप्रमाणे जरा मोठ्यांचं. नुकती अक्षरओळख झालेलं मूल अधांतरीच राहिलं.

ही पोकळी माधुरी पुरंदरे यांनी भरायला घेतली. ‘राधाचं घर’मध्ये घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक. घडत काहीच मोठं नाही. आपल्या माणसांना मूल जसं पाहतं तसं ते सगळं आहे, चित्रंही लेखिकेचीच. आणि भाषा घरात बोलतात ती. ‘केले-गेले’ची पुस्तकी मराठी आणि जोडाक्षरं एकदमच अंगावर आली की नवं वाचणारं मूल दमतं. ‘प्रत्यक्ष’ हा एक शब्द फोडता फोडता आधीचं वाक्य त्याच्या हातून निसटतं.

पुढे वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेली पुस्तकं आली. एनसीईआरटीची हिंदी ‘बरखा’ मालिका चाळीस पुस्तकांची, चार पायऱ्यांत. प्रथम बुक्सने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं आणि पायरीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट मिळू लागल्या. छोट्या गावातल्या शाळेसाठी ही मोठीच सोय. भाषांतरं मात्र मोठ्याने वाचून मगच निवडावीत. काहींत मराठी वाक्य चालतच नाही.

पायरी सांगते ती मुलाला काय वाचता येईल एवढंच. ऐकून कळण्याची त्याची ताकद त्याहून दोन-तीन वर्षं पुढे असते. चार ओळी अडखळत वाचणारी मुलगी अर्धा तास चालणारी राजकन्येची गोष्ट श्वास रोखून ऐकते. म्हणून मी आता पुस्तकांचे दोन गठ्ठे करते, एक तिने वाचायचा, दुसरा मी वाचून दाखवायचा. पहिल्या गठ्ठ्यासाठी पुस्तकं मिळतात, दुसऱ्यासाठीही. अडतं ते तिसरीच्या उंबरठ्यावर, जेव्हा मूल सलग वाचू लागतं. चित्रपुस्तक त्याला पाच मिनिटांत संपतं आणि ‘फास्टर फेणे’ अजून झेपत नाही. त्याच्यासाठी मोठ्या टायपातली, चाळीस-पन्नास पानांची, आठ वर्षांच्या नायक-नायिकेची मराठी गोष्ट मला आजही हुडकावी लागते.